फ्रिजमागची भाकरी: तुमच्या कुत्र्यांचं रोजचं सांगा

ओसरी
घराला रंग काढलाय. काल रंगाऱ्यांनी फ्रिज पुढं ओढला आणि मागून ज्वारीच्या भाकरीचा एक तुकडा निघाला. दगडासारखा कडक, एका कडेला दातांच्या खुणा. पोरगा झाडूनं लोटायला निघाला होता. बाबा म्हणाले, "थांब रे," आणि स्वतः वाकून उचलला. बाबा ७९ चे आहेत, वाकताना भिंत धरावी लागते.

मोती जाऊन येत्या आषाढात दोन वर्षं होतील. गावठीच. कृष्णेच्या घाटावर बाबांना सापडला तेव्हा तळहातावर मावत होता. भाकरी लपवायची त्याची सवय. अर्धी खायची, अर्धी तोंडात धरून घरभर हिंडायचं आणि कुणी बघत नाही असं वाटलं की ठेवून द्यायची. फ्रिजमागं, गाद्यांच्या घडीत, आईच्या शिवणयंत्राखाली. एकदा पाहुण्यांच्या बुटात. आई ओरडायची, पण रोज भाकऱ्या थापताना शेवटचा लहान गोळा त्याच्यासाठी असायचा. 'मोतीची चानकी' म्हणायची ती.

तो तुकडा बघितल्यापासून मला मोठं काही आठवत नाहीये. २०१९ च्या महापुरात त्याला खांद्यावर घेऊन माडीवर चढलो, ते सगळ्यांना सांगून झालंय. आठवतंय ते रोजचं. पहाटे साडेपाचला फरशीवर नखांची टकटक, आधी बाबांच्या खाटेपाशी, मग माझ्या दाराशी. दूधवाल्याला कधी भुंकला नाही. पेपरवाल्याला मात्र रोज.

आणि फिरायला येणारी ती माणसं. सांगलीच्या आयर्विन पुलाच्या अलीकडं बाबांची रोज गाठ पडायची, सिंबाचे काका, रॉकीची आई, दोन पॉमवाल्या आजी. त्यांची खरी नावं आम्हाला माहीत नव्हती, आमची त्यांना नव्हती. बाबा म्हणजे 'मोतीचे आजोबा'. मोती गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी सिंबाचे काका सिंबाला घेऊन दारात उभे. घर कसं सापडलं विचारलं तर म्हणाले, सिंबानं आणलं. तासभर बसले. मोतीबद्दल एक शब्द काढला नाही. चहा घेतला आणि गेले. बाबा त्यानंतर सकाळी फिरायला गेलेले नाहीत.

तर सांगा तुमचं. मोठे प्रसंगही चालतील, पण आधी रोजचं सांगा. आणि कुत्र्यांमुळं भेटलेल्या माणसांचंही.

रानवारा
भाकरी लपवणं!! आमची चिंगी तुळशीच्या कुंडीत पुरते. सासूबाई सकाळी पाणी घालताना माती सारखी करतात आणि म्हणतात, "पेरून ठेवलंय बाईनं, उगवलं की बघू." बाकीचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

चहा_दोनदा
माझ्या फोनमध्ये असे नऊ नंबर आहेत. ब्रुनो मम्मी, कोको काका बी विंग, शेरा दादा नवीन, शेरा दादा जुने. मागच्या वैशाखात एक लग्नपत्रिका आली. वरची नावं चार वेळा वाचली तरी कुणाकडची ते कळेना. मग खाली पेननं लिहिलेली ओळ दिसली, 'ब्रुनोकडून आग्रहाचं निमंत्रण'. ब्रुनो मम्मींच्या मुलीचं लग्न!

गेलो. कार्यालयात आम्ही सगळे कुत्रेवाले आपोआप एका रांगेत बसलो. पहिल्यांदाच एकमेकांना चपला आणि साखळीशिवाय बघत होतो. पंगतीत वाढप्यानं मठ्ठा आणेपर्यंत विषय एकच, कुणाच्या कुत्र्याला जंतांचं कुठलं औषध लागू पडलं.

जास्वंदी
जिलेबीच्या पंगतीला जंतांचं औषध! शेजारच्या पानावरच्या मंडळींचं काय झालं असेल 😄

ओसरी, सिंबाच्या काकांचं वाचून थांबले जरा. काही न बोलता बसणारं माणूस लागतं अशा वेळी. माझ्या राणीच्या वेळी सगळे म्हणाले, दुसरी आण. कुणी नुसतं बसलं नाही.

उसाच्या_कडेला
जुन्नर तालुका. आमच्याकडं कुत्रं आणायचं म्हणजे आधी पट्टा. लोहाराकडून करून घेतो, रुंद, बाहेरच्या अंगाला खिळे. बिबट्या मान धरतो म्हणून. धनगर मंडळींच्या कुत्र्यांना पूर्वीपासून असतात, ते लांडग्यासाठी.

ऊसतोड लागली की बिबट्याचं लपण जातं, मग तो वस्तीकडं सरकतो. आमचे दोन गेले, राजा आणि शेरू. शेरूला पट्टा होता. पोरानं दुपारी आंघोळ घालायला काढला तो परत घालायचा राहिला. पोरगं आता कॉलेजात आहे, पण अजून संध्याकाळी गोठ्यात आलं की आधी कुत्र्याच्या मानेला हात लावून बघतं. त्याला कुणी कधी बोललं नाही, तरी.

आता वाघ्या आहे. दिवस मावळला की घरात. कारभारीण आधी घरात कुत्रं नको म्हणायची, आता तीच दार लावायच्या आधी हाक मारते. बिबट्यावर राग नाही आमचा, त्यालाही पिल्लं आहेत. पण हाक मारल्यावर कुत्रं यायला पाच मिनिटं लागली तर जीव कसा होतो, ते उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला विचारा.

रानवारा
बापरे. पोराला सांगा, त्याची चूक नव्हती.

उसाच्या_कडेला
सांगतो ताई. त्याची आई रोज सांगते.

नवी_पिल्लूवाली
मधेच विचारते, माफ करा. लाडू चार महिन्यांचा आहे. कालपासून काही खात नाही, नुसता कोपऱ्यात पडून. अंग गरम लागतंय. घरात लेकाचं तापाचं सिरप आहे, थोडं देऊ का? डॉक्टर उद्या सकाळी दहाला बघणार आहेत.

जास्वंदी
नको!! माणसांचं तापाचं औषध अजिबात नको. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन कुत्र्यांना विषासारखं बाधतं. आधी हिरड्या बघ, गुलाबी आहेत की पांढरट? कानांच्या आत, पायांच्या बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचीड आहेत का बघ. थर्मामीटर असेल तर ताप मोज. त्यांचं अंग एरवीही आपल्यापेक्षा गरम असतं, १०१ ते १०२.५ हे ठीकच. उलट्या किंवा रक्ताचे जुलाब असतील तर सकाळपर्यंत थांबू नकोस, पार्व्हो म्हणून विषाणूचा आजार असतो, त्यात पिल्लं एका रात्रीत जातात. लशी झाल्यात का?

नवी_पिल्लूवाली
दोन झाल्या, तिसरी बाकी आहे. जुलाब नाहीत. कानात चार गोचीड निघाले 😢 हिरड्या फिकट वाटतात. ताप १०४.

जास्वंदी
मग रात्रीच कुणाला तरी दाखव, दहाची वाट बघू नकोस. गोचीडतापच असेल असं नाही, पण रक्त तपासायला नक्की सांग, प्लेटलेट बघतात. गोचीड बोटांनी चिरडू नकोस. चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढ आणि साबणाच्या पाण्यात टाक. पाणी पितोय का तेवढं सांग.

हिमगौरी
हानोफर, जर्मनी. आमची भिंगरी पुण्यातली, कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानाच्या पायरीवर जन्मली. तिला इकडे आणायचं तर मायक्रोचिप, रेबीजची लस, लशीनंतर निदान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि तपासणी चांगली आली तरी रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. मी पुढे आले, ती माझ्या आईकडे राहिली.

आई कुत्र्यांना लांबून दूध-पोळी घालणारी, जवळ न घेणारी. त्या तीन महिन्यांत तिनं भिंगरीला एक सवय लावली. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की भिंगरीनं शेजारी येऊन बसायचं, शुभंकरोती संपेपर्यंत. इकडे डिसेंबरात चार वाजून गेले की अंधार पडतो. मी दिवा लावते आणि कुठूनही उठून ती येऊन बसते. आई फोनवरून म्हणते, "तिला दाखव." मला नाही 🙂

इथे कुत्र्यासाठी पालिकेला वर्षाचा कर भरावा लागतो. आणि आमच्या राज्यात पहिल्यांदा कुत्रं पाळणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते, आधी लेखी आणि मग प्रत्यक्ष रस्त्यावर कुत्र्याला घेऊन. दोन्ही दिल्या. परीक्षक बाईंनी विचारलं, ही जात कुठली? मी सांगितलं, पुण्याची.

फिरताना रोज एक तुर्की आजी भेटतात. दोघींचंही जर्मन अजून कच्चं, पण कुत्र्यांबद्दल सगळं बोलून होतं. त्यांचा कुत्रा आजारी होता तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि त्यांच्या भाषेत पाच मिनिटं बोलल्या. शब्द एकही कळला नाही, मी मराठीत उत्तर दिलं.

चहा_दोनदा
'पुण्याची' हेच बरोबर उत्तर आहे. जात, गाव, स्वभाव सगळं एका शब्दात.

गिरणगाव
१९९३ साली मी आठवीत. स्फोटांनंतर कितीतरी दिवस आम्ही पोरं रस्त्यात बेवारस पिशवी दिसली की पलीकडून जायचो. तेव्हा पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या जंजीरचं नाव घरोघरी झालं. लॅब्रॅडॉर. ३३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब त्यानं हुंगून काढले. २००० च्या नोव्हेंबरात हाडांच्या कर्करोगानं गेला, त्याला पोलिसांनी इतमामानं निरोप दिला. त्या फोटोपुढं माझी आई हात जोडून उभी राहिली होती.

मग आमच्या चाळीत तीन जंजीर झाले. एकाला हाक मारली की तिघं यायचे. त्यातला तळमजल्याचा जंजीर जिन्यात झोपायचा. वडील रात्रपाळीहून यायचे तर लांबूनच पाऊल ओळखून शेपूट लाकडी पायरीवर आपटायचा. धप धप. तो आवाज आला की आई स्टोव्ह पेटवायची. वडिलांनी कधी कडी वाजवल्याचं आठवत नाही. मिल बंद झाली आणि वडील घरीच बसले, तरी तो कितीतरी दिवस त्या वेळेला उठून बसायचा.

कडेपठार
आमचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, त्यात देवाबरोबर कुत्र्याचंही पान. लहानपणी ते पान घेऊन कुत्रं शोधायला आम्हा भावंडांना पाठवायचे. प्रत्येक घरातून पान निघालेलं, त्यामुळं गावातली सगळी कुत्री पोट भरून उन्हात आडवी! एकाच्या पुढं पान ठेवलं तर त्यानं एक डोळा उघडून बघितलं आणि परत मिटला. कुत्र्यानं खाल्ल्याशिवाय घरी जेवायला बसत नाहीत, आणि आमच्या पोटात कावळे. शेवटी आजी आली, त्याच्याशेजारी मातीत बसली, "घे रे खंडेराया, पोरं उपाशी आहेत" म्हणाली. त्यानं खाल्लं. आजीच्या समाधानासाठी खाल्लं असं मला आजही वाटतं.

रात्री तीच आजी नामदेवांची गोष्ट सांगायची. कुत्रं पोळी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. आमच्याकडं अजून कुत्र्याच्या भाकरीला तुपाचं बोट लावतात.

जास्वंदी
किती सुंदर. फक्त एक, भरितात कांद्याची पात असते ना, ती कुत्र्यांना नको. कांदा-लसणानं त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका, द्राक्षंही नकोत, मूत्रपिंडावर जातं. चॉकलेट तर नकोच.

कडेपठार
हे माहीत नव्हतं ताई. आईला आत्ताच सांगितलं. म्हणाली, पुढच्या वर्षीपासून त्याच्या पानात नुसता रोडगा आणि दूध. "देवाला चालतं, त्याला बाधतं, तर त्याचं आधी."

सायसाखर
मनुकांवरून आठवलं, सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, प्रसाद म्हणून कुणीतरी द्रोण खाली धरतं. आमच्याकडे लेक दाराशीच उभी राहून प्रत्येकाला सांगते.

ओसरी, तुम्ही फ्रिज हलवला, आमच्याकडे तीन वर्षं एक खुर्ची हललेली नाही. बंड्या १४ वर्षांचा आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घर त्याला पाठ आहे. दरवाज्यापासून अकरा पावलं, मग वळण, मग पाण्याचं भांडं. नवीन सोफा घेतला तोही जुन्याच्या मापाचा, फर्निचरवाल्याकडे सुतळी घेऊन गेले होते. पाहुणे आले आणि खुर्ची सरकवून बसले, तर उठताना हे मुकाट्यानं जागेवर ठेवतात. फरशीवर खडूच्या खुणा आहेत.

दिवाळीत मात्र त्याला काहीच पाठ असलेलं उपयोगी पडत नाही. फटाके सुरू झाले की बाथरूममध्ये जाऊन थरथरतो. आम्ही दोघं आळीपाळीनं त्याच्याजवळ बसतो, एक्झॉस्ट फॅन लावून, दार बंद करून. लक्ष्मीपूजन झालं की मी पैठणीतच बसते. गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरची दोन मुलं विचारायला आली, "काकू, बंड्या किती वाजता झोपतो?" त्यांनी सुतळी बॉम्ब आणलेच नाहीत. फुलबाज्या आणि झाड. मी त्यांना चकल्यांचा डबा भरून दिला, दुसरं काय करणार.

रानवारा
सुतळी घेऊन सोफा 💛 चकलीची भाजणी घरची का हो?

सायसाखर
घरचीच. तांदूळ चार वाट्या, चण्याची डाळ दोन, मूग आणि उडीद डाळ प्रत्येकी एक, मूठभर धणे, थोडं जिरं. सगळं वेगवेगळं भाजायचं.

पाऊलवाट
मी कुत्री पाळलेली नाहीत, तरी लिहिते. १९८८, चौथीत होते. शाळेतून येताना पोटरीला चावा. आजीनं मिरचीपूड दाबली. मग सरकारी दवाखान्यात रोज एक अशी पोटात १४ इंजेक्शनं. आता तसं नाही, दंडात देतात, पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४, २८. जखम खोल असेल तर जखमेत सीरमही. आणि सगळ्यात आधी साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं घड्याळ लावून. मिरची, चुना, हळद काही नको.

ते वर्ष संपलं तरी भीती गेली नाही. आजही साखळीचा आवाज आला की पाय जमिनीला चिकटतात. मला तुम्हा सगळ्यांना एक मागायचंय. समोरचं माणूस घाबरलेलं दिसलं की "काही करत नाही तो" म्हणू नका. साखळी आखूड धरा आणि बाजूला व्हा.

आमच्या रस्त्यावर एक निवृत्त गृहस्थ आहेत, मोठा अल्सेशियन. मी दिसले की रोज रस्ता ओलांडून पलीकडे जातात, कुत्र्याला माझ्याकडे पाठ करून बसवतात आणि मी जाईपर्यंत थांबतात. सहा वर्षं झाली, एकदाही चुकवलेलं नाही. पावसातही. मागच्या महिन्यात मीच थांबून लांबून विचारलं, "नाव काय त्याचं?" 'गुंडू' म्हणे. आता जाताना "येते रे गुंडू" म्हणते. त्याची शेपूट हलते, मागे वळून मात्र बघत नाही, तसं शिकवलंय त्याला.

चहा_दोनदा
हे वाचायला हवं होतं मला. 'काही करत नाही' मी शंभर वेळा म्हटलं असेल. आजपासून आखूड साखळी.

वऱ्हाडी_ठसका
बदली झाली नागपूरहून मुंबईले. बाजीले न्यायचं तर रेल्वेत फर्स्ट एसीचा कूपे, म्हणजे दोन बर्थची खोली, पुरा आपल्याच नावावर पाहिजे, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. पेटी पाहून आलो. लोखंडी, अंधारी. घरी येऊन सांगतलं तर बायको म्हणे, "तो पेटीत तर मीबी पेटीत." मंग दोघांचं फर्स्ट एसी काढलं. कूपे भेटन का नाही हे चार्ट लागेपर्यंत समजत नाही. ते चार दिवस घरात कोणाले जेवण गोड लागलं नाही.

भेटला कूपे! पार्सल ऑफिसात लशीचा कागद दाखवला, पैसे भरले, पावती घेतली. बाजी रातभर खिडकीले नाक लावून. बडनेरा, अकोला, भुसावळ, टेसन आलं की कान उभे. टीसी आला, पावती पाहिली, अन् बूट काढून आमच्या बर्थवर बसला. म्हणे माया घरी बी असाच आहे, आठ दिवस झाले पाहिला नाही. दहा मिनिटं त्याची मान खाजवत बसला.

बाभूळबन
लातूर. आमच्याकडं कारवानी. पाय लांब, पोट आत, धावला तर जमिनीला लागतो की नाही कळत नाही. आजोबांच्या वेळी सशामागं सोडायचे, आता शिकार बंद, बरंच झालं. आमचा बाण रोज सकाळी एसटीच्या शेजारून फाट्यापर्यंत पळतो आणि परत येतो. ड्रायव्हर बदलले तरी हॉर्न दोनदा वाजवायची पद्धत चालू आहे. थंडीत त्याला पोत्याचा अंगरखा शिवलाय, अंगावर चरबी नसते ना यांच्या.

मधली_आळी
आमच्या आळीत सात आहेत, कुणाचीच नाहीत आणि सगळ्यांची आहेत. पाच जणांच्या कानाला खाच आहे. म्हणजे नसबंदी आणि रेबीजची लस झाली, मग त्यांना त्याच जागी परत सोडतात. नवीन भाडेकरू विचारतात, कान कुणी कापला म्हणून, तेव्हा हे समजावून सांगते. उरलेल्या दोघी हाताला लागत नाहीत. मेडिकलवाले दादा, इस्त्रीवाली मावशी आणि मी, असं तिघांचं ठरलंय, येत्या रविवारी पहाटे जाळं घेऊन येणाऱ्या गाडीबरोबर आम्हीही. मावशी म्हणते, माझ्या हातची बिस्किटं खातात, मी पुढं होते.

डोंगरवाट
वारीतलं सांगतो थोडक्यात. दिवे घाट चढताना एक काळं कुत्रं दिंडीत शिरलं ते वेळापूरपर्यंत आमच्याबरोबर. मुक्कामाला विणेकऱ्यांच्या पायाशी. वारकरी त्यालाही 'माउली'च म्हणायचे, तिथं सगळ्यांनाच म्हणतात. वेळापूरला एका घरच्या आजींनी भाकरी घातली आणि तो उठलाच नाही तिथून. आम्ही निघालो तेव्हा वेशीपर्यंत सोडायला आला. पुढच्या वर्षी गेलो तर त्याच ओट्यावर. मला ओळखलं. आजींनी सांगितलं, पालखी यायच्या दिवशी सकाळपासून वेशीवर जाऊन बसला होता.

नवी_पिल्लूवाली
रात्रीच नेलं. जास्वंदीताई, तुमच्यामुळे नेलं. प्लेटलेट ४८ हजार. डॉक्टर म्हणाले निदान दोन लाख तरी हव्यात. गोचीडतापच निघाला. सलाईन लावलं, डॉक्सीसायक्लिन सुरू केलंय, चार आठवडे द्यायचं. आत्ता घरी आहे. पाणी पितो, अन्न नाही.

जास्वंदी
वेळेत गेलीस. गोळी रिकाम्या पोटी देऊ नकोस, उलटी होते. कोमट चिकनचं पाणी, नाहीतर पातळ खिमट, बोटानं ओठाला लाव. घरातले गोचीडही बघ, भिंतींच्या फटी, पायपुसणी, त्याचं अंथरूण. अंगावरचे काढून भागत नाही.

गिरणगाव
लाडूसाठी आमच्या घरातून सगळ्यांच्या सदिच्छा. लेकीनं त्याचं चित्र काढलंय, न बघताच.

ओसरी
दोन दिवस इकडं येता आलं नाही, रंगाचा पसारा. काल रात्री बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. चष्मा काढून ऐकत होते. गुंडूचं दोनदा वाचायला लावलं. भाकरीचा तुकडा त्यांनी आईच्या बटणांच्या डबीत ठेवलाय.

लाडूच्या आईसाठी निरोप दिलाय. म्हणतात, भांड्यात ठेवू नका, जमिनीवर त्याच्याशेजारी बसा आणि तळहातावर धरा. त्याच्याकडं बघू नका. दुसरीकडं बघत बसा, कितीही वेळ लागला तरी. घाटावरून आणला तेव्हा मोतीनं पहिला घास असाच खाल्ला होता, दीड तासानं. हे मला आजवर माहीत नव्हतं. मी तेव्हा हॉस्टेलला होते.

आणि आज सकाळी साडेपाचला दाराची कडी वाजली. बाबा पुलापर्यंत जाऊन आले. सिंबा आता थकलाय, हळू चालतो. बाबांनाही तेच बरं पडतं.

रानवारा
🙏 काकांचं खरं नाव विचारलं का बाबांनी?

ओसरी
मीही तेच विचारलं. म्हणाले, कशाला?

नवी_पिल्लूवाली
बाबांना सांगा, पन्नास मिनिटं लागली. दहीभात. तीन घास. मी खिडकीकडे बघत होते, तळहाताला जीभ लागली तेव्हा कळलं.

मधली_आळी
उसाच्या_कडेला, तुम्ही आहात का? माझा भाऊ अकोल्याच्या बाजूला शेतावर राहतो, त्याच्याकडं दोन कुत्री आहेत, बिबट्या दिसतोय हल्ली. खिळ्यांचा पट्टा करून मिळेल का तुमच्या लोहाराकडून?

उसाच्या_कडेला
आहे. मिळेल, उद्या बाजारच आहे, बोलतो त्याच्याशी. दोघांच्या मानेची मापं सुतळीनं घेऊन पाठवा. आतून चामडं लावून घेऊ, घासत नाही. माप घेताना दोन बोटं सैल धरा.